रकाना अकरा

अर्ज क्रमांक दोनशे सहा.
सौरपंप, पॅनल आठ. अनुदान सत्तर टक्के,
उरलेले तीस तीन वर्षांत, बिनव्याजी.
अर्जदार जुवैना बिन्त हमूद. खजुरी बेचाळीस,
लसूणघासाचा एक तुकडा, बकऱ्या तीन.
जमीन किती, या रकान्यात तिनं मुलाकडून लिहून घेतलंय :
दोन अथर.

निझव्याच्या कचेरीत हशा झाला.
अथर म्हणजे अर्धा तास.
जमीन विचारली तर बाई वेळ सांगते.

मला हसू आलं नाही. माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी होता.
आमच्याकडंही शेत कुठं, विचारलं की माणसं
'आमची बारी बुधवारची' म्हणत,
आणि त्यात सगळं आलं.

म्हणून तपासणीला मीच निघालो.
ऑगस्टची दुपार. गाडीचं दार उघडायला
हाताला फडकं गुंडाळावं लागलं.
नोआखालीच्या शफीकुलनं डिझेलचं इंजिन दाखवलं,
दाखवता दाखवता दोनदा खोकला.

जुवैनाबाईंनी कॉफी ओतली, खजूर पुढं केला.
मी माहितीपत्रक उलगडलं :
ऊन फुकट. सकाळी सात ते संध्याकाळी पाच पाणी,
एक बैसा खर्च नाही.

हेच तर, ती म्हणाली.

आणि उठली. मशिदीमागं, उघड्यावर,
जमिनीत रोवलेली एक काठी, भोवती दगड.
या दगडापासून त्या दगडापर्यंत सावली सरकते
तेवढं पाणी सुलैमानचं.
पुढचं मशिदीचं. त्याच्या पुढचं माझं.
आता पोरं मोबाइलवर वेळ बघतात,
पण काठी कुणी उपटली नाही.

मग डोंगराकडं हात केला.
तिथं वर एक विहीर आहे, तिला उम्म म्हणतात,
फलजची आई. तिच्यातून भुयारानं पाणी गावात येतं.
माझी विहीर तिच्यापासून चारशे पावलं.

डिझेल महाग, म्हणून मी थांबत होते.
ऊन मला थांब म्हणणार नाही.
वरच्या अंगाला आणखी नऊ विहिरी आहेत,
नऊ जणांनी तुझ्याकडं अर्ज टाकलेत.

(टाकलेत. दोनशे सात ते दोनशे पंधरा.
सगळे पात्र.)

पंप मला हवाच. या पोराची छाती बघ.
पण कुलूप असलेला दे.
चार अथर चालेल, मग गप्प.
किल्ली अरीफकडं, सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याचकडं.

आणि उरलेलं ऊन? मी विचारलं.

उरू दे. आजवर कुठं संपलंय?

रात्री कचेरीत एकटाच बसून रकाना अकरा भरला.
उपकरणाचा उद्देश. पर्याय चार :
उत्पादनवाढ, इंधनबचत, धूरकपात, इतर.
इतरमध्ये चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं, वेळेवर बंद होण्यासाठी.
संगणकानं घेतलं. त्याला काय.

सकाळी अझ्झान साहेबांचा फोन.
कुलूप आणि मीटरचे अडतीस रियाल कुठल्या खात्यात टाकू?
पंपाला पैसा आहे, पॅनलला आहे,
पाणी न काढायला पैसा दिल्याचं
मागच्या पानांवर कुठं दिसत नाही.
बघू, म्हणाले. म्हणजे मलाच बघायचंय.

घरी साक्रीला फोन लावला.
बापानं सगळं ऐकून घेतलं. आठ पॅनल, सत्तर टक्के, बिनव्याजी,
यातल्या कशाचंच त्याला अप्रूप वाटलं नाही.
किल्ली कुणाकडं म्हणालास?
अरीफकडं. म्हणजे त्यांचा पाटकरी.

माणूस कसा आहे?

माहीत नाही. भेटलो नाही.

मग पंपाचं काय घेऊन बसलास, म्हणाला,
आणि नातवाकडं फोन दिला.

नऊ अर्ज टेबलावर आहेत.
गाडीची किल्ली शोधतोय.